प्लास्टर चढण्याआधी एक रिकामा पाईप

भातकापणी उरकली, झोडणी झाली, गवताच्या उडव्या रचून झाल्या, की आपल्या जिल्ह्यात चिऱ्यांचे ट्रक धावू लागतात. पावसाळाभर झाकून ठेवलेले जोते उघडे होतात, गवंड्यांच्या तारखा मिळेनाशा होतात आणि दिवाळीपासून मेअखेरपर्यंत गावोगाव कुठे नवे घर, कुठे जुन्याची दुरुस्ती, कुठे घरकुल, कुठे ग्रामपंचायतीची इमारत असे काही ना काही चालू असते. घर बांधणारा माणूस या सहा-सात महिन्यांत हजार गोष्टींचा विचार करतो. चिरा कुठल्या खाणीचा, कौले की स्लॅब, देवघराचे तोंड कुठे, चुलीचा धूर कुठून जाणार. विजेच्या बटणांचाही विचार होतो. इंटरनेट, टीव्हीची डिश, कॅमेरा, दारावरची घंटा, पाण्याच्या टाकीचा फ्लोट यांच्या तारांचा विचार मात्र वास्तुशांत झाल्यावर, पाहुणे गेल्यावर सुरू होतो. तोवर भिंती बंद झालेल्या असतात.

शेतकरी बंधूंनो, आमचे सांगणे साधे आहे. भिंत उघडी आहे तोवर या तारांसाठी वेगळा, रिकामा पाईप टाकून घ्या. तार आज आणली नाही तरी चालेल. ती पाच वर्षांनीही पाईपातून ओढता येते. पाईप मात्र नंतर घालता येत नाही.

“नेट हवेतून येतं, त्याला पाईप कशाला?” हा प्रश्न गावात कुणीही विचारील, आणि तो चुकीचा नाही. मनोरा समोर दिसत असेल तर हवेतले नेट पुरते. पण आपल्या वाड्या डोंगराच्या कुशीत, नाहीतर खाडीच्या वळणावर, आणि मनोरा पलीकडच्या सड्यावर. २०२० च्या टाळेबंदीत शेजारच्या सिंधुदुर्गात एका विद्यार्थिनीला शिक्षणासाठी डोंगरावर झोपडी बांधून बसावे लागल्याची बातमी तुम्हीही वाचली असेल. त्याच वर्षी मुंबईहून आलेले कितीतरी चाकरमानी रेंज शोधत सड्यावर, आंब्याखाली लॅपटॉप घेऊन बसले होते. गणपतीला आलेला मुलगा आणखी पंधरा दिवस राहून इथूनच काम करील की नाही, हे पुष्कळदा आता घरातल्या एका तारेवर ठरते. म्हातारे आईवडील गावी एकटे असतील तर तारेचे मोल आणखी वाढते.

बरे, नेट उंबऱ्यापर्यंत आले तरी पुढे भिंत जांभ्याची. जांभा हा मोठा गुणी दगड. खाणीतून काढताना मऊ, हवा लागली की कठीण. फ्रान्सिस बुकानन या ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टराने मलबारात लोक याच्या विटा कापताना पाहिल्या आणि १८०७ साली विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटराइट असे नाव दिले. आपल्याला त्या नावाची गरज नव्हती, ते असो. पण या दगडात लोह भरपूर, भोके भरपूर, आणि तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणाऱ्या पावसात तो पाणी धरून ठेवतो. वायफायच्या लहरी ओल्या, जाड भिंतीतून जाताना दमतात. त्यातही जो वेगवान पट्टा असतो, पाच गिगाहर्ट्झचा, तो लवकर दमतो, २.४ गिगाहर्ट्झचा जरा पुढे जातो पण सावकाश चालतो. ओटीवर पेटी आणि माजघराच्या मागच्या खोलीत शून्य, ही तक्रार म्हणूनच आपल्याकडे जास्त. तिच्यावर औषध एकच, आतल्या खोलीपर्यंत तार न्यायची आणि तिथे दुसरी लहान पेटी बसवायची.

आणि हीच तार नंतर न्यायची म्हटले की जांभा हट्टाला पेटतो. कटर लावला की पाते उडते, खाच सरळ निघत नाही, हाताएवढा ढलपा सुटून येतो, घरभर तांबडी धूळ. वरून लावलेले ठिगळ पहिल्याच पावसाळ्यात ओल दाखवते. गिलावा न करता नुसत्या दर्जा भरून चिरा उघडा ठेवण्याची हौस अलीकडे पुन्हा वाढली आहे. दिसते सुंदर, पण अशा भिंतीत नंतर पाडलेली खाच जन्मभर दिसते. तिथे पाईप थर रचतानाच गवंड्याच्या हातून आत गेला पाहिजे, म्हणजे जोत्याचे काम चालू असतानाच बटणे आणि पेट्या कुठे येणार हे कागदावर ठरलेले हवे. कौलारू घराची दुरुस्ती असेल तर काम सोपे आहे. कौले उतरवली की भिंतीच्या माथ्यावरून पाईप फिरवता येतो. फक्त उघडी तार वाशांवरून नेऊ नका. माळ्यावरचे उंदीर तिला भाताच्या लोंबीपेक्षा जास्त प्रेमाने खातात.

आता एक शब्दाचा घोटाळा. या तारांना इंग्रजीत लो व्होल्टेज म्हणतात. हा शब्द वायरमनपुढे जपून वापरा. महावितरणच्या भाषेत लघुदाब वाहिनी म्हणजे खांबावरून तुमच्या घरात येणारी २३० व्होल्टची लाईन, आणि ती माणूस मारते. आपण ज्या तारांविषयी बोलतो आहोत त्यांत पाच, बारा, फार तर पन्नासच्या आसपास व्होल्ट असतात. काचेच्या तारेत तर वीजच नसते, नुसता उजेड धावतो. या सगळ्यांना आपण निरोपाच्या तारा म्हणू. निरोपाची तार आणि विजेची तार कधीही एका पाईपात, एका बॉक्सात घालू नका. एक तर विजेच्या सोबतीने निरोप बिघडतो. त्याहून वाईट म्हणजे आत कुठे आवरण सोलले गेले तर २३० व्होल्ट थेट त्या निरुपद्रवी दिसणाऱ्या तारेत उतरतात आणि मुलाच्या हातापर्यंत येतात. दोन्ही पाईप समांतर न्यायचे तर मध्ये निदान वीतभर, जमल्यास फूटभर अंतर ठेवा. एकमेकांना ओलांडायचेच असेल तर काटकोनात ओलांडा. “एकातच घालतो, पाईप वाचेल,” असे म्हणणारा वायरमन तुमचे शंभर रुपये वाचवतो आणि जीव टांगणीला लावतो.

पाईप कुठून कुठे न्यायचा? माडाच्या सगळ्या झावळ्या जशा एका शेंड्यातून निघतात, तसे सगळे पाईप घरातल्या एका जागेतून निघू द्या. ही जागा माजघरात, भिंतीवर उंच, स्वयंपाकघराच्या वाफेपासून आणि भाताच्या कणगीपासून लांब असावी. तिथे लाकडी किंवा पत्र्याची लहान पेटी आणि शेजारी विजेची दोन पिनांची ठिकाणे हवीत. बाहेरून येणाऱ्या तारेसाठी एक पाईप या पेटीपर्यंत, पेटीतून प्रत्येक खोलीत एक, छपराकडे एक, ओटीकडे एक, आणि गोठा, विहीर, टाकी यांच्या दिशेला जोत्यातून बाहेर काढून ठेवलेला एक. खोलीमागून खोली अशी साखळी करू नका. साखळीत एक कडी तुटली की पुढचे सगळे अंधारात.

पाईप पंचवीस मिलिमीटरचा घ्या, अगदी बारीक नको. दोन बॉक्सांच्या मध्ये दोनच वळणे. तिसरे आले तर तिथे बॉक्स ठेवा, नाहीतर तार ओढणाऱ्याचा घाम निघेल आणि तारही ताणली जाईल. वळण ऐसपैस असू द्या. काचेच्या तारेला बांगडीहून लहान वळण सोसत नाही, उजेड तिथेच गळतो. पाईपात ओढायला दोरी ठेवायची ती सुतळीची नको, कुजते. लोखंडी तारही नको, आपल्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजून चिकटते. बंदरावर जाळ्यांसाठी मिळते ती नायलॉनची दोरी उत्तम. टोके बुचाने बंद करा, नाहीतर मुंग्या आणि पाली घरभरणी तुमच्याआधी करतील. बाहेरच्या तोंडाला पाईपाचा उतार बाहेरच्या बाजूला द्या आणि तार आत शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे तारेवरून वाहत आलेले पाणी झोळातून ठिबकून जाईल, घरात येणार नाही.

तार घेताना फसवणूक होते तीही सांगून ठेवतो. घरातल्या जाळ्यासाठी जी तांब्याची तार वापरतात तिला दुकानदार कॅट-सिक्स म्हणतात. तिच्यात आठ बारीक तारा, दोन-दोन पिळलेल्या, अशा चार जोड्या असतात. बाजारात हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा अशी स्वस्त तारही मिळते. ती वाकवली की तुटते आणि दमट हवेत तिचे सांधे खराब होतात. टोक चाकूने खरवडून पाहा. आत पांढरे दिसले तर परत करा. खरी तांब्याची तारही शंभर मीटरपर्यंतच धावते. त्यापुढे निरोप पोचत नाही. बागेतल्या मांगरावर, खालच्या विहिरीवर कॅमेरा किंवा पंपाचे नियंत्रण हवे असेल आणि अंतर जास्त असेल तर काचेची तार घ्यावी, आणि ती झाडांवरून न नेता गडग्याच्या कडेने जमिनीतून, पाईपातून न्यावी. वरून नेलेल्या तारेवर पहिला हक्क माकडांचा, दुसरा वाळून पडणाऱ्या झावळीचा. हापूसच्या बागेत माकडांना हाकलण्यासाठी लावलेल्या कॅमेऱ्याची तार माकडांनीच तोडावी, यासारखी थट्टा नाही. पाण्याची पाईपलाईन पुरण्यासाठी चर खणलाच आहे तर त्याच चरात हाही पाईप टाकता येतो.

जमिनीतून आणि काचेची तार म्हणण्यामागे आणखी मोठे कारण आहे ते विजेचे, म्हणजे आकाशातल्या. आपल्याकडे वैशाखअखेरीच्या वळवात आणि आश्विनात पाऊस परतताना वीज जास्त कोसळते. घरापासून मांगरापर्यंत हवेतून ताणलेली धातूची तार जवळपास पडलेल्या विजेचा धक्का ओढून घरात आणते. टीव्ही, पंखे, नेटची पेटी एका झटक्यात जातात ती याच वाटेने. काचेची तार वीज वाहत नाही. मात्र बाहेरच्या काचेच्या तारेला ताण सोसण्यासाठी पुष्कळदा पोलादी तार जोडलेली असते. ती भिंतीबाहेरच्या हुकालाच बांधून तोडावी, आत घेऊ नये. जोडणीसाठी आलेल्या मुलाला हे सांगावे लागते. तो घाईत असतो.

अर्थिंगची गोष्ट तर कातळावर घर असणाऱ्यांनी मनावर घेतलीच पाहिजे. खडकात सळी ठोकून अर्थिंग होत नाही. पावसाळ्यात ते चालल्यासारखे वाटते आणि फाल्गुन-चैत्रात जमीन वाळली की नावापुरते उरते. घराच्या खालच्या अंगाला जिथे माती खोल आहे, न्हाणीचे पाणी माडाच्या आळ्यात जाते अशा ओलाव्याच्या जागी खड्डा घ्या आणि पट्टी घरापर्यंत आणा. उन्हाळ्यात त्यात पाणी घाला. नेटच्या पेटीसाठी वेगळे अर्थिंग करू नका. घराच्या मुख्य अर्थिंगलाच जोडा. दोन वेगळ्या अर्थिंगांमध्ये वीज पडताना फरक निर्माण होतो आणि तो फरक तुमच्या यंत्रातून वाट काढतो. मुख्य बोर्डात सर्ज प्रोटेक्टर आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. दुसऱ्याने माणूस वाचतो, पहिल्याने यंत्र. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप वीज पडण्याची आगाऊ सूचना देते. ती आली की बोर्डावरच्या पिना काढून ठेवण्यात कमीपणा नाही.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने मंडणगड-दापोलीकडे खांब आडवे केले तेव्हा वीज गेली, पाठोपाठ मनोरे बंद पडले, आणि मुंबईतल्या माणसांना गावच्या माणसांची खबर कळेना. नेटची पेटी बहुधा बारा व्होल्टवर चालते. तेवढ्यापुरती लहान बॅटरी मिळते आणि ती काही तास पेटी जिवंत ठेवते. तिच्यासाठी पेटीत जागा ठेवा. चिपळूण-खेडच्या नदीकाठच्या वाचकांना मात्र वेगळे सांगायला नको. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ च्या पाण्याची खूण ज्या भिंतीवर आहे, त्या खुणेच्या वरच पेटी आणि बोर्ड असावेत.

हे सगळे ऐकून घरकुलाचा लाभार्थी म्हणेल, हे पैसेवाल्यांचे चोचले. प्रधानमंत्री आवास योजनेच्या १ लाख २० हजारांच्या मूळ अनुदानात पंचवीस चौरस मीटरचे घर कसेबसे उभे राहते, हे खरे आहे. त्याच्यासाठी एवढेच: बाहेरून आत येणारा एक पाईप आणि आतल्या खोलीत जाणारा दुसरा. दोन-तीन नळ्यांचे काम. मध्यम घराला जादा लागणारा सगळा पाईप धरला तरी आमच्या अंदाजाने तो खर्च सिमेंटच्या पाच-सहा पोत्यांपलीकडे जाऊ नये.

सरपंच आणि ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, यांच्याशी मात्र थोडे सविस्तर बोलायचे आहे. २०११ साली केंद्र सरकारने प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत काचेची तार नेण्याची योजना मंजूर केली. २०१५ पासून तिला भारतनेट म्हणतात. आपल्या राज्यात तिचा दुसरा टप्पा महानेट म्हणून आला आणि २०२३ मध्ये केंद्राने १ लाख ३९ हजार कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. एवढ्या पैशांची तार गावात येते ती थांबते कुठे? कार्यालयाच्या खिडकीत. काच काढून तार आत घेतली आहे, म्हणून खिडकी लागत नाही, म्हणून पावसाची झड संगणकाच्या टेबलावर येते, अशी कार्यालये आपण सर्वांनीच पाहिली आहेत. वरच्या वाडीतला शेतकरी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून नमुना ८ चा उतारा किंवा जन्माचा दाखला घ्यायला येतो आणि “नेट नाही, उद्या या” हे ऐकून परत जातो. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून मिळू लागला, ई-पीक पाहणी २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. सगळा कारभार तारेवर आला आणि तार खिडकीत लोंबकळते आहे. दर वेळी दोष वरच्या लाईनचा असतो असेही नाही. कधी उंदराने कुरतडलेली असते, कधी झाडूने ओढलेली.

नवे कार्यालय, शाळाखोली, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र यांचे अंदाजपत्रक जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडून येते तेव्हा विद्युतीकरणाचे पान उघडून पाहा. तिथे एकठोक रक्कम असेल तर शाखा अभियंत्याला लेखी विचारा की निरोपाच्या तारांचा वेगळा पाईप, यंत्रांची कुलूपबंद हवेशीर पेटी, अर्थिंग आणि सौर पॅनेलसाठी छपरापर्यंतचा पाईप हे त्यात आहे का. “तरतूद नाही” हे उत्तर येईल. तरतूद काम सुरू होण्यापूर्वी करता येते, प्लास्टरनंतर नाही. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत यावर स्वतंत्र विभागच आहे, आणि दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२४ च्या ऑक्टोबरात इमारतींना नेटच्या सोयीवरून तारांकन देण्याचे विनियम काढले. त्याचा उपयोग शहरातले बिल्डर जाहिरातीत करतील. आपल्या शाळाखोलीला तारा मिळाल्या नाहीत तरी चालेल, पाईप मिळावा.

रस्ता खणण्याचेही तसेच. जलजीवन मिशनच्या चरांनी गावोगाव पाणी आले, आणि काही ठिकाणी खोदकामाच्या फटक्यात पुरलेली काचेची तारही तुटली. खोदण्यापूर्वी कळवण्यासाठी केंद्राचे ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप २०२३ च्या मार्चपासून आहे. ठेकेदाराला कार्यारंभ आदेश देताना त्यावर नोंद करण्याची अट घाला, आणि रस्ता ओलांडणारा चर खणलाच असेल तर बुजवण्यापूर्वी त्यात एक रिकामा पाईप टाकून ठेवा. काँक्रीटची पाखाडी पुन्हा फोडावी लागणार नाही.

शेवटी एक काम, ज्याला पैसा लागत नाही. प्लास्टरच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीशी मोजपट्टी धरून मोबाइलवर फोटो काढा. कोपऱ्यापासून किती फुटांवर, जमिनीपासून किती उंचीवर पाईप आहे ते फोटोत दिसू द्या. सरकारी इमारत असेल तर मोजमाप पुस्तिकेत पाईपची नोंद याच दिवशी झाली पाहिजे, नंतर तो कुणाला दिसणार? घराचा साधा नकाशा काढून पेटीच्या दाराला आतून चिकटवा. ज्या वायरमनने काम केले तो पुढच्या वर्षी मुंबईला नाहीतर आखाती देशात गेलेला असेल, आणि गणपतीच्या मखरासाठी भिंतीत खिळा ठोकणाऱ्याला आत काय आहे ते ठाऊक नसेल. नकाशाची दुसरी प्रत घरपट्टीच्या पावत्यांबरोबर, घराच्या कागदांत ठेवा.